सातमाळ्याच्या सावलीतला निळा माशीमार

मार्च संपत आलेला असतो. आदिलाबादमधला कुंतल्याचा धबधबा पावसाळ्यातला जोर सोडून काळ्या कातळावरच्या दोन-चार धारांवर आलेला असतो. नेरडिगोंड्याच्या बाजूने आलेली माणसे पायऱ्या उतरतात, पाण्यासमोर उभी राहून फोटो काढतात आणि ऊन चढायच्या आत परत फिरतात. त्यांच्यातला एखादाच कडेम नदीच्या काठाने थोडा पुढे जातो. तिथे जांभूळ आणि करंज पात्रावर वाकलेले असतात आणि भर दुपारीही खाली काळोखी असते. या काळोखीतून अचानक एक बारीक, धातूची किणकिण ऐकू येते. सहा-सात स्वर झरझर खाली उतरतात, थांबतात, पुन्हा उतरतात. लहान मुलीच्या पैंजणाचे घुंगरू दगडावरून घरंगळत जावे, तसा तो आवाज. पाहणारा वर शेंड्याकडे बघतो. पक्षी असतो हाताच्या उंचीवर, समोरच्याच फांदीवर.

याचे नाव टिकेलचा निळा माशीमार. पक्षिशास्त्रात सायोर्निस टिकेलिए.

लांबी जेमतेम चौदा-पंधरा सेंटिमीटर, म्हणजे चिमणीएवढीच, पण अंगाने शिडशिडीत. नराची पाठ गर्द निळी. कपाळावर आणि खांद्यावर तोच निळा रंग उजळतो. गळा आणि छाती नारिंगी, पोट पांढरे. मादीचे रंग हेच, पण कुणी पाणी घालून फिके केल्यासारखे. सावलीत बसलेला नर लांबून काळाच दिसतो. पानांतून उन्हाचा एक कवडसा अंगावर पडला की तो निळा होतो. या निळ्या रंगामागे रंगद्रव्य नसते. पिसाच्या आतली अतिसूक्ष्म, स्पंजासारखी रचना प्रकाशातला निळा भाग परत फेकते, म्हणून पीस निळे दिसते. तेच पीस कुटून भुकटी केली तर निळेपणा नाहीसा होतो. छातीचा नारिंगी मात्र खरा रंग आहे, पिसातच मुरलेला. एका मुठीत मावणाऱ्या अंगावर रंग तयार होण्याच्या या दोन अगदी वेगळ्या रीती शेजारी शेजारी नांदतात.

पुढच्या पानांत या पक्ष्याच्या सवयी, घरटी, आवाज आणि सोयरेधायरे येतील. त्याआधी तो राहतो ती जागा समजून घ्यायला हवी, कारण जागा वगळून या पक्ष्याची ओळख होत नाही.

आदिलाबादच्या डोंगरांना जुन्या गॅझेटियरात ‘सह्याद्रिपर्वत अथवा सातमाळा’ म्हटले आहे. वायव्येकडून आग्नेयेकडे सुमारे १७५ मैल, म्हणजे २८० किलोमीटर, अशी या रांगेची लांबी दिली आहे. नाव सह्याद्रीचे असले तरी महाबळेश्वर किंवा आंबोली डोळ्यांपुढे आणून चालणार नाही. इथे ढग डोंगरात महिनोन्महिने अडकून राहत नाहीत. हे सागाचे, ऐनाचे, धावड्याचे कोरडे पानझडी रान आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हिवाळ्याच्या पहाटे इथली गावे सगळ्या तेलंगणात सर्वांत गार असतात. हिवाळा सरता सरता सागाची पाने गळू लागतात, आणि एप्रिलमध्ये डोंगर असा उघडा पडतो की पलीकडच्या उतारावर चरणारे जनावर मोजता यावे.

या उघड्या रानात हिरव्या रेषा राहतात त्या नाल्यांच्या. डोंगराच्या कुशीतून निघालेला नाला मे महिन्यात आटतो, पण डोहात आणि वाळूखाली ओल टिकते. त्या ओलीवर अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज आणि बांबूची बेटे उभी राहतात. कुठे वीस पावले रुंद, कुठे शंभर. निळा माशीमार या पट्ट्याला चिकटून असतो. तो बागांत येतो, बांबूच्या बनात राहतो, विरळ झुडपांतही दिसतो. पण आदिलाबादच्या कडक उन्हाळ्यात त्याला भेटायचे तर नाल्यात उतरावे लागते. रानाला नकाशावर एकच हिरवा रंग देणाऱ्याला हा फरक दिसत नाही. पक्ष्याला तो दिसतो, आणि त्याचे सगळे जगणे त्या फरकावर उभे आहे.

त्याचे कूळ पाहिले की हे आणखी उलगडते. सायोर्निस या प्रजातीतले बहुतेक पक्षी आग्नेय आशियाच्या ओल्या, सदाहरित अरण्यांत राहतात. बोर्निओ, सुमात्रा, मलाया, म्यानमार ही त्यांची घरे. पश्चिम घाटाच्या दाट रानात याचा एक भाऊबंद आहे, पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार. तो घाट सोडून जगात कुठेच सापडत नाही. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या रायांत तो दिसतो. त्याच्यातला नर छातीपर्यंत निळा असतो आणि नारिंगी छाती असते मादीला. या ओल्या रानांतल्या घराण्यातला टिकेलचा माशीमार मध्य भारताच्या कोरड्या डोंगरांत पसरला आणि टिकला. पण कुळाची सावलीची ओढ त्याने सोडली नाही. ओल्या अरण्याचा एक धागा सागाच्या रानातून जिथे जातो, तिथे तो त्या धाग्यावर राहतो.

‘माशीमार’ हे नाव कामावरून पडले आहे, गोतावरून नव्हे. आदिलाबादच्या एकाच नाल्यात असे काम करणारे चार-पाच पक्षी सहज दिसतात. लांब पांढऱ्या शेपटीच्या फिती उडवणारा स्वर्गीय नर्तक, शेपटीचा पंखा उघडून फांदीवर गिरक्या घेणारा नाचण, काळ्या मानेचा निळसर मोनार्क, आणि हा टिकेलचा. चौघेही छोटे किडे हवेत किंवा पानांवर टिपतात. चोच चौघांचीही मुळाशी पसरट आणि तिच्या कडेला ताठ, मिशांसारखी पिसे. या ‘मिशा’ डोळ्यांचे रक्षण करतात आणि स्पर्शाची जाणीव देतात असे मानले जाते. एवढे सारखेपण पाहून जुन्या अभ्यासकांनी त्यांना एका घरात घातले होते. रक्ताची नाती तपासता येऊ लागल्यावर चित्र बदलले. स्वर्गीय नर्तक, मोनार्क आणि नाचण हे कोतवालाच्या बाजूचे निघाले. त्यांची मुळे कावळ्याच्या गोतावळ्याकडे जातात. टिकेलच्या माशीमाराचे जवळचे नातलग म्हणजे दयाळ आणि श्यामा. दारातल्या आंब्यावर पहाटे गाणारा दयाळ आणि नाल्यातला हा निळा बुटका यांचे घर एक आहे, हे कळल्यावर त्याच्या गळ्यातल्या गोडव्याचे नवल वाटत नाही.

शिकारीची त्याची रीत शांत आहे. नाचणासारखा तो सतत हलत नाही. जमिनीपासून दोन-तीन हातांवरची एखादी आडवी काटकी धरून ताठ बसतो, मान फिरवतो, ‘टिक् टिक्’ असा कोरडा आवाज काढतो. मग एक झेप, चोचीचा बारीक चटका, आणि परत काटकीवर. कधी तो जमिनीवर उतरून पाचोळ्यातला किडा उचलतो. डास, चिलटे, माश्या, छोटे पतंग, अळ्या असे त्याचे खाणे. तिन्हीसांजेला दुसरे पक्षी रातथाऱ्याला गेले तरी तो काम करीत असतो. अंधुक उजेडात शिकार करायची सवय त्याला नाल्याच्या सावलीनेच लावली असावी.

सागाच्या रानात किडे किती, हे पाहायचे तर पावसाळा सुरू होताना जावे. पहिल्या सरींनी सागाला कोवळी पाने फुटतात आणि त्यांच्यावर पतंगांच्या अळ्या तुटून पडतात. एक जात कोवळी पाने कडेपासून खाऊन टाकते आणि झाड पुन्हा उघडे करते. दुसरी पुढे पावसाळ्यात येते. ती पानाच्या शिरा तेवढ्या ठेवते आणि मधला हिरवा भाग खरवडून खाते. ऑगस्ट-सप्टेंबरात निर्मलजवळच्या महबूब घाटातून जाताना सागाची पाने तपकिरी जाळीसारखी दिसतात ती या अळ्यांमुळे. वनखात्याला या किडी फार जुन्या काळापासून माहीत आहेत, कारण पान गेले की त्या वर्षी खोडाची वाढ मंदावते. निळा माशीमार, सुभग, निखार, कोतवाल, सातभाई यांची पिले नेमकी याच दिवसांत वाढत असतात. रानात त्या काळात किड्यांची रेलचेल असते आणि घरट्यात उघड्या चोची. एकटा माशीमार सागाचे रान वाचवतो असे कुणी म्हणू नये. पण पानावर अळी आणि अळीवर चोच, हा व्यवहार सागाच्या लाकडाच्या भावाइतकाच त्या रानाचा खरा हिशेब आहे.

आता नावाकडे. सॅम्युएल टिकेल हा कंपनी सरकारच्या बंगाल फौजेतला अधिकारी. जन्म १८११ चा, कटकचा. छोटानागपूरच्या रानांत नोकरी करताना त्याने पक्षी जमवले, त्यांची चित्रे काढली. कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात एडवर्ड ब्लिथ अभिरक्षक होता. त्याने १८४३ मध्ये या निळ्या माशीमाराचे शास्त्रीय वर्णन केले आणि टिकेलचे नाव त्याला दिले. टिकेलची दुसरी ओळख पक्षिनिरीक्षकांत फारशी सांगितली जात नाही. सिंहभूमच्या ‘हो’ आदिवासींची भाषा तो शिकला आणि १८४० मध्ये त्या भाषेच्या व्याकरणावर त्याने लिहिले. पाखराची शीळ आणि माणसाची बोली, दोन्ही टिपायला एकच गोष्ट लागते: शांतपणे कान देणे. टिकेलला ती साधली होती.

आदिलाबादलाही असा कान देणारा माणूस लाभला, आणि तो मराठी होता. इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले सेतुमाधवराव पगडी हे मूळचे निलंग्याचे. हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत असताना आदिलाबादच्या डोंगरांत त्यांनी गोंडी आणि कोलामी या भाषा आत्मसात केल्या. आदिलाबादच्या गोंडांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४९ मध्ये आले आणि कोलामीचे व्याकरण १९५० मध्ये. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ मार्लवाईला गोंडांमध्ये राहत होते. तिथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. त्याआधी १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांचा पुढारी कोमराम भीम मारला गेला होता. जंगलावरच्या हक्काचा त्याचा लढा झाल्यानंतरच सरकारला या डोंगरांतल्या माणसांकडे नीट पाहण्याची गरज वाटली. हा सगळा इतिहास पक्ष्याच्या प्रस्तावनेत कशासाठी, असे कुणी विचारील. कारण साधे आहे. ज्या नाल्यात निळा माशीमार गातो, त्याच नाल्याच्या काठी गोंड आणि कोलाम पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरत, कंद खणत, मोह वेचत आले आहेत. या पक्ष्याला छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव पुस्तकात मिळाले. रानातल्या बोलींतली पाखरांची नावे, ती सांगणारी म्हातारी माणसे आहेत तोवर, देवनागरीत उतरवून घ्यायला हवीत. पगडींनी व्याकरणासाठी जे केले ते पाखरांसाठी व्हायला हवे.

शास्त्राची पावलेही या रानांत लवकर पडली. निजाम सरकारच्या पैशावर १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पक्षी पाहणी झाली आणि ती केली तरुण सालिम अली यांनी. बैलगाड्या, तंबू, बंदूक, कातडी भरण्याचे साहित्य, आणि सोबत डायरी. प्रांतोप्रांती त्यांनी पुढे ज्या पाहण्या केल्या, त्यांची सुरुवात इथून झाली. तिचे निष्कर्ष ह्यू व्हिसलर यांच्या टिपांसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. आदिलाबाद, नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे जिल्हे त्या वेळी एकाच संस्थानात होते; म्हणजे मराठवाड्याच्या पाखरांची पहिली व्यवस्थित नोंद आणि आदिलाबादच्या पाखरांची नोंद ही एकाच वहीतली आहे. मराठी पक्षिमित्रांनी ही गोष्ट विसरू नये.

पुढे वही फाटली. १९५६ मध्ये राज्ये भाषेवर बेतली गेली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट नांदेडात आले. राजुराही आधी नांदेडात गेला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला जोडला गेला. पैनगंगेच्या दक्षिणेला बेला, जैनथ, तामसी या भागांत मराठी बोलणारी गावे राहिली. तिथल्या शेतात पऱ्हाटी तीच, बैलपोळा तोच, फक्त कचेरी हैदराबादची. २०१६ मध्ये खुद्द आदिलाबादचेही चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमराम भीम आसिफाबाद. आज यवतमाळच्या टिपेश्वरमध्ये निळ्या माशीमाराची नोंद झाली तर ती महाराष्ट्राच्या यादीत जाते आणि नदीपलीकडे काही कोसांवर झाली तर तेलंगणाच्या. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून सातमाळ्याचे एकच चित्र काढण्याचे काम दोन्ही बाजूंच्या लोकांनी हाती घ्यावे. पैनगंगेचे पात्र उन्हाळ्यात पायी ओलांडता येते.

वाघाने ही राज्यांची सीमा ओलांडून दाखवली आहे. २०२४ च्या पावसाळ्यानंतर किनवटच्या बाजूचा एक नर वाघ जोडीदारीण शोधत निर्मल आणि आदिलाबादच्या रानांत शेकडो किलोमीटर फिरला, आणि त्याच्या वाटचालीच्या बातम्या दोन्ही राज्यांत वाचल्या गेल्या. कवाल अभयारण्याला २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याचा गाभा सुमारे ८९२ चौरस किलोमीटरचा आहे आणि ताडोबा-टिपेश्वरचे वाघ इकडे येऊन स्थिरावावेत ही आशा त्यामागे आहे. आशा रास्त आहे. पण ज्या नाल्यातून वाघ दिवसाउजेडी लपून चालतो तोच नाला माशीमाराचे घर असतो. वाघ महिन्यातून एकदा येईल, कदाचित येणारही नाही. माशीमार रोज तिथे आहे, आणि नाल्याची तब्येत त्याच्या आवाजावरून रोज कळते.

ही तब्येत बिघडते ती बहुधा आगीने. मार्च-एप्रिलात मोहाची फुले गळतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तेंदूला कोवळे धुमारे यावेत म्हणूनही झुडपे जाळली जातात. मोह आणि तेंदूपत्ता यांच्यावर डोंगरातल्या घरांची चूल चालते, तेव्हा वेचणाऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. पण एका झाडाखालची आग वाऱ्यावर उतार चढते, आणि नाल्याच्या काठचा पाचोळा, बांबूची सुकी बेटे, काठच्या ढोलीतली सावली गिळून जाते. पाचोळ्याबरोबर किडेही जातात. आगीनंतर तिथे घाणेरी माजते आणि खालची देशी झुडपे उठू देत नाही. मध्य भारतात काही ठिकाणी मोहाखाली जाळी पसरून फुले गोळा करण्याचा मार्ग आला आहे. माती न लागलेल्या स्वच्छ फुलाला भावही बरा मिळतो. माशीमाराच्या दृष्टीने पाहिले तर आदिलाबादमध्ये कुठलाही फलक किंवा कुंपण करणार नाही इतके काम अशी एक जाळी करते.

निळा माशीमार आज संकटग्रस्त नाही. जागतिक यादीत तो ‘चिंता नसलेल्या’ पक्ष्यांत आहे आणि श्रीलंकेपर्यंत पसरलेला आहे. तरी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालाने ९४२ जातींचा आढावा घेऊन १७८ जातींना तातडीने जपण्याच्या यादीत टाकले, आणि किडे-प्राणी खाणारे पक्षी फळे किंवा मध खाणाऱ्यांपेक्षा जास्त वेगाने घटत असल्याचे सांगितले. ज्या जिल्ह्यात रानाच्या अगदी कडेपर्यंत पऱ्हाटी आहे आणि पऱ्हाटीवर वर्षाकाठी अनेकदा फवारणी होते, तिथे हे वाक्य डोळ्याखालून नुसते जाऊ देता येत नाही. पक्षी भरपूर असतानाच त्याची मोजदाद सुरू व्हावी. माळढोकाच्या वेळी उशीर झाला.

हिवाळ्यात या नाल्यांत पाहुणे येतात. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून लाल कंठाचा छोटा माशीमार येतो, हिमालयाकडून हिरवट वटवटे येतात, आणि राखी डोक्याचा पिवळा माशीमार निखारांच्या व मोनार्कांच्या थव्यात मिसळून झाडाझाडांवरून सरकत जातो. भृंगराज कोतवाल असला की थवा त्याच्याभोवती जमतो. टिकेलचा माशीमार सहसा या यात्रेबरोबर दूर जात नाही. थवा त्याच्या झुडपापर्यंत आला की माशीमार चार झेपा मारतो आणि थवा पुढे गेला की परत आपल्या काटकीवर बसतो. मार्चमध्ये पाहुणे उत्तरेला निघतात, सागाची पाने गळून गेलेली असतात, आणि नाल्यात त्याचा एकट्याचा आवाज मोकळा होतो.

जून उजाडतो. कडेम गढूळ होऊन वाहू लागते. काठच्या दरडीतले एखादे भोक, जुन्या झाडाची ढोली, खडकाची कपार, यांपैकी एक जागा जोडप्याने निवडलेली असते. आत पाने, बारीक मुळ्या आणि गवताची छोटी वाटी, त्यात तीन ते पाच अंडी. पिले निघाली की दोघांचीही धावपळ सुरू होते. पाऊस कोसळत असताना नर पानाखाली बसून राहतो. सर ओसरली की ओल्या काटकीवरून एक झेप, चोचीत हिरवी अळी, आणि तो दरडीकडे वळतो. खाली पाणी दगडांवरून गरजत असते. भोकाच्या तोंडाशी चार पिवळ्या चोची उघडतात.